सदाशिवाची पन्नास वर्षं

सकाळचा दुसरा चहा आणि आभाराची चिठ्ठी या दोन गोष्टी विद्याधर ताडीलकरांच्या पुढ्यात एकदमच आल्या. चहा वासंतीबाईंनी आणून ठेवला होता आणि चिठ्ठी सामायिक वंशकोशाने धाडली होती. चिठ्ठी कसली, टेबलावरच्या पडद्यावर उमटलेल्या चार ओळी:

‘आपण कोशाला दिलेल्या ताडीलकर कुलवृत्तांतातील एक नोंद काल एका वैद्यकीय निर्णयासाठी आधार म्हणून वापरण्यात आली. शाखा सातवी, नोंद बेचाळिसावी. संशोधक या नात्याने आपले मनःपूर्वक आभार.’

“काय म्हणतोय तुमचा कोश?” वासंतीबाईंनी विचारलं. “सापडला का कुणाचा खापरपणजोबा?”

“सापडलेला होता, तो उपयोगी पडला.” विद्याधररावांनी चष्मा पुसून ओळी पुन्हा वाचल्या. “वैद्यकीय निर्णय, वासंती. म्हणजे कुणाच्या तरी जिवाचं काम झालं आपल्या पुस्तकानं.”

“आपल्या नका म्हणू. त्या गठ्ठ्यांवर मी चौदा वर्षं फराळाचे डबे ठेवले, तेवढाच माझा संबंध.”

विद्याधरराव हसले. मिरजेच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते. सुट्ट्या, रजा, लग्नकार्यं सगळं सांभाळून चौदा वर्षं गावोगाव हिंडले आणि २०११ साली सहाशे पानांचा कुलवृत्तांत काढला. सात शाखा, चार हजार माणसं. आता वय शहात्तर. आयुष्यात दुसरं काही केलं नाही असं त्यांना वाटे, आणि हे तरी नीट केलं का, असंही कधी कधी वाटे. अशी चिठ्ठी आली की तो दिवस बरा जायचा.

वंशकोश निघायच्या आधी वंशावळींचे संशोधक एकमेकांची पुस्तकं गुपचूप उतरवून घेत आणि समोरासमोर भेटले की हवापाण्याच्या गप्पा मारत. कोशानं त्याला शिस्त लावली. जो आपला छापील ग्रंथ देईल, त्याला सगळ्यांचे ग्रंथ मिळतील. कुणाचीही नोंद घेतली तर तिच्याबरोबर देणाऱ्याचं नाव जाईल, आणि ती कुठे कामी आली तेही त्याला कळवलं जाईल. सहा वर्षांत साडेनऊशे कुळांचे ग्रंथ जमा झाले.

कोशाच्या पोटात ‘मेळ’ नावाची यंत्रणा होती. तिचं काम सांगायला सोपं आहे. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा जनुकांचा आराखडा आता दवाखान्यातच वाचला जातो. दोन माणसांच्या आराखड्यांत एखादा लांब तुकडा अगदी अक्षर न् अक्षर सारखा निघाला, तर तो दोघांनाही एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. पिढीगणिक हे तुकडे तुटतात, आखूड होतात. म्हणून तुकड्याच्या लांबीवरून तो पूर्वज किती पिढ्या मागचा, याचा अंदाज येतो. पण रक्ताला नाव नसतं. तो पूर्वज कोण, कधी जन्मला, कधी गेला, हे कागदालाच विचारावं लागतं. मेळ रक्त आणि कागद शेजारी शेजारी ठेवून जुळवायचा.

याचा खरा लाभ डॉक्टरांना झाला. प्रत्येकाच्या आराखड्यात चारचौघांहून निराळी अशी कितीतरी अक्षरं असतात. बहुतेक निरुपद्रवी, एखादंच जिवावर उठणारं. कुठलं अक्षर कसं, ते नुसतं रक्त बघून दर वेळी कळत नाही. पण तेच अक्षर पूर्वी ज्यांच्या अंगात होतं ती माणसं किती वर्षं जगली हे समजलं, तर पुष्कळ कळतं. म्हातारी होऊन गेली असतील तर काळजी नको. तरणीताठी गेली असतील तर सावध व्हायचं. मेलेल्यांची वयं अशी जिवंत माणसांच्या कामी येऊ लागली होती.

विद्याधररावांनी बेचाळिसावी नोंद उघडली.

‘सदाशिव बल्लाळ ताडीलकर. जन्म १८९५. मृत्यू १९७६, वय ८१, वृद्धापकाळाने. अपत्ये : भास्कर, यमुना.’

त्यांचा हात कपाकडे निघाला होता, तो टेबलावरच थांबला.

सदाशिव एक्याऐंशी वर्षांचा होऊन गेला नव्हता. तो एकतिसाव्या वर्षी गेला. ताडीलच्या एका नव्वदीच्या म्हातारीनं विद्याधररावांना ओसरीवर बसून सांगितलं होतं: पट्टीचा पोहणारा माणूस, रोज खाडी पोहून पलीकडे जायचा. एके दिवशी मधोमध दगडासारखा खाली गेला. हाक नाही, हात वर नाही. हे विद्याधररावांनी नीट लिहून घेतलं होतं. आणि छापताना त्यांनीच मुद्दाम सदाशिवाला पन्नास वर्षं वाढवून दिली होती.

ती खूण होती. पुस्तक छापायला जाणार त्या वर्षी विद्याधररावांच्या मनानं घेतलं होतं की चौदा वर्षांची आपली मेहनत उद्या कुणीही उचलेल आणि आपलं म्हणून मिरवेल. नुसत्या नावांवर हक्क कसा सांगणार? पूर्वज काय कुणाच्या बापाचे एकट्याचे नसतात. म्हणून त्यांनी सातही शाखांत एकेका जुन्या, विस्मरणात गेलेल्या माणसाचं वय बदललं. ज्याच्या पुस्तकात तेच खोटं वय निघेल, तो चोर. सात खरी वयं एका कार्डावर लिहून कपाटात ठेवली. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू, तोवर कुणाचं काय जातंय?

आणि चोर सापडलाही. मोरेश्वर हरचेकर. सांगलीचा. विद्याधररावांचा जिवाभावाचा मित्र आणि लांबचा नातेवाईकही. त्याची आजी ताडीलकरांची माहेरवाशीण. त्यानं २०१४ साली आपल्या घराण्याचं आणि आजोळांचं पुस्तक काढलं, त्यात ताडीलकरांच्या दोन शाखा जशाच्या तशा होत्या. ऋणनिर्देशाची एक ओळही नव्हती. विद्याधररावांनी कुलसंमेलनात, साडेतीनशे माणसांसमोर, तिसऱ्या शाखेतली खूण उघड केली. मोरेश्वर मान खाली घालून जेवणाआधीच निघून गेला. तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं होतं, “विद्याधरपंत, अशा आणखी किती थापा आहेत हो पुस्तकात?” सभा हसली. आणि विद्याधररावांनी कुलदेवीच्या तसबिरीकडे हात करून सांगितलं, “एकच. शपथेवर सांगतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी ते कार्ड आणि त्या सात जणांची मूळ टिपणं चुलीत घातली. शपथ घेतल्यावर पुरावा कशाला ठेवायचा? दुसरी आवृत्ती निघाली नाही. मित्राचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. मिरज ते सांगली अंतर ते किती, पण तीस वर्षांत पार झालं नाही.

आता पडद्यावर सदाशिवाच्या नोंदीखाली मेळचा शेरा होता: ‘पाच स्वतंत्र साक्षी. विश्वासार्हता अठ्ठ्याण्णव टक्के.’

दुपारी त्यांनी कोशाच्या पुण्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या व्यवस्थापक कल्याणी बिडवे त्यांना ओळखत होत्या.

“नमस्कार काका! मिळाली ना चिठ्ठी?”

“मिळाली. त्या नोंदीत जरा दुरुस्ती आहे. वय एकतीस हवं, ते एक्याऐंशी छापलं गेलंय.”

‘छापलं गेलंय’ म्हणताना त्यांची जीभ जड झाली.

“थांबा हं, घालून बघते.” बटणं दाबल्याचा आवाज आला. “नाही घेत, काका. एक्याऐंशी वय पाच ग्रंथांत आहे. पाच साक्षी एकीकडे आणि तुमची एकट्याची आठवण एकीकडे.”

“अहो, ते बाकीचे चार माझ्यावरूनच उतरवलेत.”

“असतील. पण तसं एकानंही लिहिलेलं नाही ना! जुनी पुस्तकं आम्ही जशी होती तशी कोशात घेतली. ज्यांनी मूळ ग्रंथाचं नाव दिलंय, त्यांना मेळ नक्कल समजतो. ज्यांनी नाही दिलं, त्यांना स्वतंत्र संशोधन समजतो. दुसरं काय समजणार बिचारा?”

एकाची थाप पाच जणांनी आपापल्या नावानं सांगितली की गाव ती खरी मानतं. मेळनंही तेच केलं होतं. विद्याधररावांनी खोटं पेरलं, चौघांनी ते नाव न घेता उचललं, आणि त्या जुन्या चोऱ्या नव्या कोशात येऊन साक्षीदार झाल्या.

“मूळ कागद आहे का काही?” कल्याणीबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग एकतीस हे तुम्हाला कसं माहीत?”

विद्याधरराव म्हणाले, “समजा, एखाद्यानं मुद्दाम चुकीचं छापलं असेल तर?”

“मुद्दाम? मग बाविसावा नियम. सही करून कबूल करायचं. त्या चुकीच्या जेवढ्या नकला असतील, त्या सगळ्या साक्षीतून बाद होतात. पण त्याचा ग्रंथही अख्खा बाजूला जातो, काका. एकेका नोंदीपुढे ‘संशयास्पद’ लागतं. एका ठिकाणी जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याचं बाकीचं कसं धरायचं?” त्या हसल्या. “तुम्हाला काय करायचंय ते? नव्या मुलांना आम्ही तुमचंच पुस्तक नमुना म्हणून दाखवतो.”

विद्याधररावांनी फोन ठेवला. चार हजार माणसं. त्यांतली तीन हजार नऊशे त्र्याण्णव खरी. एका माणसासाठी सगळ्यांना संशयात लोटायचं? आणि तो माणूस तरी कोण? कोश रुग्णाचं नाव सांगत नाही. पण निर्णयासाठी वापरलेल्या नोंदींची साखळी ग्रंथ देणाऱ्यांना दिसते. ती त्यांनी उघडली. सदाशिव, त्याची मुलगी यमुना, यमुनेची मुलगी इंदिरा. त्याखाली तीन करडे, निनावी चौकोन. जिवंत माणसं.

“वासंती,” त्यांनी हाक मारली, “मोरूच्या आईचं नाव इंदिराच ना गं?”

वासंतीबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “आज सूर्य कुठून उगवलाय? तीस वर्षांनी मोरूभावजींचं नाव आलं तोंडात.”

“सांग तर.”

“इंदिराच. का?”

“त्यांच्या घरात कुणी आजारी आहे?”

“आजारी कुणी नाही. त्यांची नात आहे ना, ऊर्वी, ती मध्यंतरी पोहताना तलावात बेशुद्ध पडली होती. तपासण्या झाल्या. हृदयाच्या ठोक्यांचं काहीतरी निघालं म्हणे रक्तात, सगळे घाबरले होते. पण कालच सुनंदाचा फोन आला, काही धोका नाही, पिढ्यान् पिढ्या सगळे म्हातारे होऊन गेलेत. येत्या रविवारी पोरगी मालवणला समुद्रात दहा किलोमीटर पोहणार आहे.”

“तुला हे सगळं कसं माहीत?”

“भांडण तुमचं होतं. तुमच्या बायकांचं, माझं आणि सुनंदाचं, नव्हतं.” मग त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. “अहो, काय झालं? असे पांढरेफटक का पडलात?”

विद्याधररावांनी सांगितलं. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती आणि ही एकच गोष्ट बायकोला सांगायची राहिली होती. वासंतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आज सोमवार,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी सांगलीला जायचं. मी येते बरोबर. आणि एकट्यानं काही ठरवू नका. तुम्ही एकटे ठरवता तेव्हाच घोळ होतो.”

दार मोरेश्वरनंच उघडलं. अठ्ठ्याहत्तरीचा, वाळलेला, पण डोळे तसेच मिश्कील.

“कोण? अरे वा! विद्याधरपंत! पत्ता सापडला म्हणायचा.” मग वासंतीबाईंना, “या वहिनी. तू पण ये रे. चपला मात्र आत आण. चोराच्या घरी आलायस, बाहेर ठेवून कसं चालेल?”

“मोरू…”

“बस. पाणी घे. तीस वर्षं चालत आलास, दमला असशील.”

तेवढ्यात आतून एक उंच मुलगी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. एकवीस-बावीसची असेल. “ऊर्वी, नमस्कार कर,” मोरेश्वर म्हणाला. “हे थोर संशोधक.” ती वाकली आणि विद्याधररावांचे पाय आपोआप मागे सरकले.

“तुमच्याच पुस्तकामुळे सुटले मी, आजोबा,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी दाखवलं. सदाशिव, एक्याऐंशी! मी त्यांचा फोटो शोधतेय, किटबॅगवर चिकटवायला.”

“बस जरा, बाळ,” वासंतीबाई म्हणाल्या.

“मला सरावाला…”

“बस.”

ती बसली. विद्याधररावांनी मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. काही गाळलं नाही. खाडी, म्हातारी, कार्ड, चूल, शपथ. बोलताना त्यांची नजर फरशीवरच्या एका तड्यावर होती.

“किती खुणा होत्या म्हणालास?” मोरेश्वरनं विचारलं.

“सात.”

“देवीकडे हात करून एक म्हणालास.”

“म्हणालो.”

“आणि मी तीस वर्षं कुणाच्या पंगतीला बसलो नाही.” मोरेश्वर उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. “मी उतरवलं, हे खरंच आहे. ते नाकारत नाही. पण ताडील सोडून चाळीस गावं तुझ्याबरोबर कोण हिंडलं? एसटी चुकली की देवळात कोण झोपलं तुझ्याशेजारी? मोडी तुला येत होती, पण म्हाताऱ्यांना बोलतं कोण करत होतं? तुझ्या सहाशे पानांत माझं नाव कुठल्या पानावर आहे, सांग.”

नाव कुठेही नव्हतं. ऋणनिर्देशात छापखान्याच्या मालकाचं होतं, कागद पुरवणाऱ्याचं होतं. मोरूचं नाव घालायला ते विसरले नव्हते. पुस्तक एकट्याचं दिसावं असं तेव्हा वाटलं होतं.

“म्हणून मीही तुझं घातलं नाही,” मोरेश्वर म्हणाला. “म्हटलं, घे. फिटंफाट.”

“आबा,” ऊर्वीचा आवाज बारीक झाला होता, “म्हणजे ते एक्याऐंशी खोटं आहे?”

मोरेश्वर आत गेला आणि जुनी, पुठ्ठ्याची वही घेऊन आला. पानं उलटत तो एका पानाशी थांबला.

“ही माझ्या आईची वही. पुस्तक करायचं ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, तुला आठवतं ते लिही. हे वाच. मोठ्यानं वाच.”

विद्याधररावांनी वाचलं. कच्चं, बायकी अक्षर होतं. “‘माझ्या आईचे वडील सदाशिव. आई चार वर्षांची असताना ते खाडीत पोहता पोहता बुडाले. आईला त्यांचा चेहरा आठवत नसे.’”

त्या तीन ओळींवर लाल शाईनं तिरकी रेघ मारलेली होती. समासात मोरेश्वरच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चूक. पाहा : विद्याधर ताडीलकर, ताडीलकर कुलवृत्तांत, शाखा सातवी.’

“सख्खी आई सांगत होती,” मोरेश्वर म्हणाला. “मी तिला म्हटलं, तुला काय कळतं, विद्यानं छापलंय, तो चुकायचा नाही. ती गप्प बसली. पुन्हा तिनं वहीत काही लिहिलं नाही.” त्यानं बोटानं समास दाखवला. “तुझं नाव मी आयुष्यात एकदाच आधार म्हणून लिहिलं रे. ते इथे.”

सुनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मोरेश्वरनं डॉक्टरांना फोन लावला, वहीचं पान दाखवलं. डॉक्टर भले होते, पण त्यांचेही हात बांधलेले. “बघा, ही वही सहावी साक्ष झाली. मेळ अठ्ठ्याण्णवाचा शहाण्णवावर आला, बस. निर्णय तोच राहतो. मूळ लेखकानं काही लेखी दिलं तर गोष्ट वेगळी.”

फोन बंद झाला. मोरेश्वर विद्याधररावांकडे बघत नव्हता. कुणीच बघत नव्हतं. सही कर असं कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं विद्याधररावांना वाटलं. निदान सांगण्यावरून केली असं म्हणता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर चार हजार नावं उभी राहिली. ती नावं जमवताना चढलेले घाट आठवले. हे सगळं आपण गेल्यावरही राहील, एवढी एकच आशा त्यांनी मनाशी धरली होती.

“मोरू, तुझा पडदा दे इकडे,” ते म्हणाले.

बाविसाव्या नियमाचा अर्ज छोटासाच होता. कोणत्या नोंदी, छापलेलं काय, खरं काय. पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवी शाखा त्यांनी भरभर लिहिली. दुसऱ्या शाखेपाशी हात थांबला. पाचव्या शाखेपाशीही थांबला. त्यांनी डोळे मिटून कार्ड आठवायचा प्रयत्न केला. कार्डाचा पिवळा रंग आठवला, कोपऱ्यातला शाईचा डाग आठवला, आकडे आठवेनात.

“काय झालं?” वासंतीबाईंनी विचारलं.

“ही दोघं… यांची खरी वयं मला आठवत नाहीत. आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.”

दोन माणसांची मरणं त्यांनी जगातून पुसून टाकली होती. त्या रकान्यांत त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही’. सहाशे पानांच्या पुस्तकात हे दोन शब्द त्यांनी एकदाही छापले नव्हते. मग खाली सही केली.

संध्याकाळपर्यंत मेळनं हिशोब पुन्हा मांडला. पाचही पुस्तकं साक्षीतून गळाली, वही उरली. ते निराळं अक्षर सदाशिवाच्या मुलाच्या घरात होतं, मुलीच्या घरात होतं, त्याच्या भावाच्या घरातही होतं. म्हणजे सदाशिवाच्या अंगात ते असणारच. तो एकतिसाव्या वर्षी पाण्यात गेला. त्याच्या मुलाकडचा एक पणतू सव्विसाव्या वर्षी विहिरीत बुडाला होता. तो आजवर अपघात समजला गेला होता. उलट इंदिरा ब्याऐंशीपर्यंत जगली, मोरेश्वर समोर ठणठणीत होता. “पण मी जन्मात घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही,” मोरेश्वर म्हणाला, “आणि आई नदीला नुसता नमस्कार करायची.” डॉक्टर म्हणाले, प्रश्न तिथेच आहे. काही हृदयं जमिनीवर बिनबोभाट चालतात आणि गार पाण्यात श्रम पडले की ठोका चुकतात. माणूस किती वर्षं जगला हे तुमची पुस्तकं सांगतात, कसा जगला हे सांगत नाहीत.

मेळचा नवा निर्णय ‘घातक’ असा आला नाही. ‘निरुपद्रवी’ खोडून त्यानं एवढंच म्हटलं: ‘सांगता येत नाही.’

गोळ्या सुरू झाल्या. पाण्यात उतरायचं नाही, निदान वर्षभर. नंतरचं नंतर.

बुधवारी कुलवृत्तांत कोशातून बाजूला झाला. गुरुवारपासून फोन सुरू झाले. कुणाचं लग्न ठरत होतं, कुणाच्या किडनीसाठी नात्यातला दाता शोधणं चाललं होतं, कुणी नुसतेच संतापले होते. “अहो, माझे आजोबा तरी खरे आहेत का?” एका बाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं. “खरे आहेत,” विद्याधरराव म्हणाले. पण त्यांच्या शब्दाला आता वजन नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. प्रत्येक फोन त्यांनी स्वतः घेतला.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात ऊर्वी होती. एकटीच.

“आता मालवणला शिट्टी झाली असेल,” ती म्हणाली. “घरी बसवेना. म्हटलं, ज्यांच्यामुळे बसलेय त्यांच्याकडेच बसावं.”

वासंतीबाईंनी तिला आत घेतलं. ती खुर्चीवर बसली, गुडघे हलवत.

“आठव्या वर्षापासून पोहतेय मी. चौदा वर्षं. तुम्हाला पुस्तकाला लागली तेवढीच ना? आबा सांगत होते.”

“हो.”

“आणि नक्की काही नाहीच. मी कदाचित आज पोहले असते आणि मला काहीही झालं नसतं. असंही असू शकतं ना?”

“असू शकतं.”

“मग मी तुमचे आभार मानायचे, की तुम्हाला शिव्या द्यायच्या?”

“मला माहीत नाही, बाळ.”

“एक सांगा. सातव्या शाखेत शंभरेक माणसं तरी असतील. त्यांतून तुम्ही त्यांनाच का निवडलंत?”

विद्याधररावांना वाटलं होतं, हे कुणी विचारणार नाही. अर्जातही तसा रकाना नव्हता. ते अडखळत म्हणाले, “वाईट वाटलं होतं मला. एकतीस म्हणजे काय वय आहे? लहान लेकरं मागे. म्हटलं, कुणाला तरी खोटी वर्षं द्यायचीच आहेत, तर यालाच द्यावीत. जगू दे बिचाऱ्याला कागदावर.”

ऊर्वीचे गुडघे हलायचे थांबले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता, आणि आणखी काय होतं ते विद्याधररावांना ओळखता आलं नाही.

“कागद द्या एक,” ती म्हणाली. “साधा. पडद्यावर नको, हातानं लिहिते.”

त्यांनी कागद दिला, पेन दिलं. ती टेबलाशी वाकून लिहीत राहिली. मध्येच थांबून बोटांवर काहीतरी मोजलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद त्यांच्या हातात दिला.

‘ऊर्वी हरचेकर, वय २२. १४ फेब्रुवारी. सांगली, तलावाचं पाणी गार होतं. एकविसावी फेरी. छातीत दुखलं नाही. डोळ्यांपुढे आधी पिवळं, मग काहीच नाही. बाहेर काढायला चाळीस सेकंद लागले. त्याआधी दोन वर्षांपूर्वी असंच एकदा झालं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण निवड जवळ आली होती. हे माझं मी लिहिलं आहे.’

खाली सही होती.

“दोनदा?” विद्याधरराव पुटपुटले. “डॉक्टरांना हे…”

“इथून तिकडेच जाणार आहे. पण हे कोशात घाला. माझ्या नावासकट. त्या सदाशिवांच्या मुलाच्या, भास्करच्या घरात अजून कुणी पोहणारं असेल, तर त्याला कळू दे. ज्याला हवं त्यानं घ्यावं, मी नाही म्हणणार नाही. फक्त कुणाकडून घेतलं ते लिहावं.”

“माझ्याकडून कोश आता काही घेत नाही, ऊर्वी.”

“मग आबांच्या नावानं पाठवा. उतरवून तुम्ही द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे.”

ती गेल्यावर विद्याधरराव टेबलाशी बसले. वासंतीबाईंनी विचारलं, चहा ठेवू का. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, वर ‘पाठवणार : मोरेश्वर हरचेकर’ असं लिहिलं आणि मुलीचा मजकूर उतरवायला घेतला. दोन वर्षांपूर्वीच्या ओळीपाशी पेन क्षणभर अडलं. ही ओळ वाचून लोक पोरीला काय म्हणतील, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. गाळली तर कुणाला कळणारही नव्हतं.

त्यांनी ती ओळ उतरवली. मग ऊर्वीचा कागद डाव्या हाताशी, आपला उजव्या हाताशी ठेवून प्रत्येक शब्द, प्रत्येक आकडा बोट लावून पुन्हा तपासला, आणि खाली लहान अक्षरांत लिहिलं: ‘नक्कल करणारा, विद्याधर ताडीलकर.’